मे महिन्यातलं पाणी : पुण्याभोवतीच्या जलाशयांच्या काठाने

विषय तसा सुट्टीचा आहे. परीक्षा संपल्या आहेत, घरातली मुलं कंटाळली आहेत, गाडी आहे आणि पुण्यातून एक-दोन दिवसांत जाऊन येण्यासारखं पाणी कुठे आहे, एवढाच प्रश्न आहे. ठिकाणं आज आम्ही सांगणारच आहोत. पण त्याआधी पाण्याबद्दल थोडं बोलावं लागेल, नाहीतर नुसती यादी हातात घेऊन निघालेला माणूस अडचणीत सापडतो.

पुण्याच्या आसपास आपण ज्यांना तलाव म्हणतो, ते सगळे माणसाने केलेले आहेत. सारसबागेतला तळ्यातला गणपती घ्या. ते तळं पेशवाईत बांधलेलं. तळं गेलं, नाव राहिलं. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, तिथून नळाने पाणी शहरातल्या हौदांमध्ये यायचं. पाषाणचा तलाव इंग्रजी अमदानीतला. आणि शहराबाहेर पडलं की खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना, भाटघर ही सगळी धरणंच. याला कारण आपली जमीन आहे. हिमालयात किंवा आल्प्समध्ये हिमनद्यांनी डोंगर कोरून खोलगट जागा केल्या आणि त्यात पाणी साठलं. आपल्याकडे हिमनद्या नव्हत्या. काळ्या कातळाच्या पठारावर पाऊस पडतो, ओढे-नद्या तो उतारावरून वाहून नेतात, पाण्याला थांबायला आपसूक झालेली जागा फारशी मिळत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत प्रसिद्ध नैसर्गिक सरोवर लोणारचं, आणि तेसुद्धा आकाशातून उल्का आदळली म्हणून झालं!

आता कोणी म्हणेल, फिरायला जाणाऱ्याला काय फरक पडतो? पाणी ते पाणी. फरक पडतो, आणि तो नेमका मे महिन्यात पडतो. नैसर्गिक सरोवराची पातळी उन्हाळ्यात काही फूट खाली जाते. धरणाची पातळी कित्येक मीटर खाली जाते, कारण ते पाणी वापरण्यासाठीच साठवलेलं असतं. जून-जुलैत भरायचं, मेपर्यंत संपवायचं, हा त्याचा वार्षिक क्रम. म्हणजे आपण उन्हाळ्यात काठावर उभे राहतो तो खरा काठ नसतोच. आपण तळाच्या उतारावर उभे असतो. भरल्या पाण्याची रेषा आपल्या डोक्यावर, डोंगराच्या अंगावर दिसते. तिच्या वर झाडी, तिच्या खाली उघडी तांबूस-करडी पट्टी. ती पट्टी बघायला शिका, एवढीच आमची सुरुवातीची विनंती.

खडकवासल्यापासून सुरुवात करू, कारण पुणेकर तिथे सर्वांत जास्त जातात. संध्याकाळी चौपाटीला भाजलेलं कणीस, कांदाभजी, मीठ-तिखट लावलेली कैरी, आणि सिंहगड रस्त्यावर परतीची रांग. हे धरण १८६९ मध्ये बांधायला घेतलं आणि १८७९ मध्ये पुरं झालं. ज्या इंजिनिअरने ते उभारलं त्या कर्नल फाइफच्या नावाने जलाशयाला त्या काळी लेक फाइफ म्हणत. पुढे १२ जुलै १९६१ रोजी वर बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पूर आला. ती हकिगत या सभागृहातल्या ज्येष्ठांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिच्यावर वेळ घेत नाही.

आम्हाला दुसरा एक आकडा दाखवायचा आहे. पुण्याला पाणी देणारी चार धरणं : वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. बेरीज सुमारे २९.१५. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. म्हणजे आपण जे धरण सगळ्यांत जास्त बघतो, त्यात एकूण साठ्याचा चौदावा-पंधरावा हिस्साच मावतो. ते वाटेवरच्या हौदासारखं आहे. वरच्या तीन धरणांतून आंबी, मोसे आणि मुठा नद्यांमध्ये पाणी सोडतात, ते खडकवासल्यात येतं, आणि तिथून शहराला व कालव्याने थेट दौंड-इंदापूरकडच्या शेतीला जातं.

याचा परिणाम मोठा गमतीचा होतो. भर मे महिन्यात खडकवासल्याला पाणी बऱ्यापैकी दिसतं आणि माणूस म्हणतो, छान आहे की यंदा! तोच माणूस आणखी तासभर गाडी चालवून पानशेत-वरसगावला गेला तर त्याला जलाशयाच्या वरच्या टोकाला भेगाळलेला गाळ दिसतो. खडकवासल्याचं पाणी तिथून आलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची खरी स्थिती बघायची तर पानशेतच्याही पुढे जा. आणि निघण्याआधी वर्तमानपत्रात येणारी धरणसाठ्याची टक्केवारी बघा. आपण ती पाणीकपात होणार का एवढ्यासाठी वाचतो. सहलीसाठीही ती वाचावी.

आता जरा गंभीर बोलू. सगळ्यात जास्त वेळ आम्ही यावर घेणार आहोत.

२०२३ च्या मे महिन्यात खडकवासला जलाशयाच्या काठी, गोऱ्हे खुर्दजवळ, नऊ मुली पाण्यात उतरल्या आणि बुडू लागल्या. काठावरच्या लोकांनी उड्या घेतल्या, सात जणींना बाहेर काढलं, दोघी गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, भोर तालुक्यात भाटघरच्या पाण्यात नात्यातल्या पाच जणी एकाच दिवशी बुडाल्या. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि आपण म्हणतो, पोहता येत नव्हतं तर गेल्या कशाला? हा प्रश्न चुकीचा आहे. पोहायला म्हणून त्यातलं क्वचितच कोणी उतरतं. लोक पाय ओले करायला उतरतात, घोट्याएवढ्या पाण्यात. मग घोट्याएवढं पाणी अचानक डोक्यावर का जातं, ते समजून घ्यायला हवं.

मावळ आणि मुठा खोऱ्यातली शेती डोळ्यांसमोर आणा. डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं. एक खाचर, त्याला बांध, बांधाखाली दुसरं खाचर, असा जिना. धरण झालं तेव्हा हा जिना जसाच्या तसा पाण्याखाली गेला. त्यावर गाळ बसला, पण पायऱ्या पुरत्या बुजल्या नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा आपण नेमके या पायऱ्यांवरून चालत असतो. एका खाचरात पाणी गुडघ्याएवढं, दहा पावलं गेलं तरी गुडघ्याएवढंच, म्हणून माणूस निर्धास्त होतो. अकराव्या पावलाला बांध संपतो. खाली किती खोल आहे ते गढूळ पाण्यात दिसत नाही. कुठे जुनी विहीर असते, कुठे ओढ्याचं पात्र, कुठे आदल्या उन्हाळ्यात गाळ किंवा मुरूम उचलून झालेला खड्डा. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा उतार बराचसा सलग असतो. धरणाच्या काठाला तसा उतार गृहीतच धरता येत नाही.

दुसरं, गाळ. वरून सुकलेला, चालण्याजोगा दिसतो, आणि पाण्याच्या कडेला पाय पोटरीपर्यंत आत जातो. पाय ओढून काढायला दुसऱ्या पायावर भार द्यावा लागतो, मग तोही रुततो. कमरेएवढ्या पाण्यात हे झालं तर पोहता येणारासुद्धा गडबडतो. तिसरं, थंडी. उन्हाने पाण्याचा वरचा थर कोमट होतो, खालचा थंडच राहतो. बांधावरून घसरलेला माणूस एकदम त्या थंड थरात जातो, दचकून श्वास आत ओढतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असतं.

आणि चौथं, जे वाचताना सगळ्यात जास्त त्रास देतं : एक जण बुडतो आणि वाचवायला गेलेले बाकीचे बुडतात. बहीण, वहिनी, मित्र, वडील. एका कुटुंबातले तीन-चार जण एकदम जातात ते बहुधा यामुळे. म्हणून आम्ही सांगतो, गाडीत एक जाड दोर ठेवा आणि पाच लिटरचा झाकण लावलेला रिकामा कॅन ठेवा. कॅनला दोर बांधून फेकता येतो, तो तरंगतो, आणि घाबरलेला माणूस त्याला धरू शकतो. काहीच नसेल तर साडी, ओढणी, टॉवेल एकमेकांना गाठी मारून काठावरून फेका. काठावर आडवे पडून फेका, उभे राहून नाही, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही. एकाने ११२ ला फोन लावावा. आणि जवळच्या वस्तीत ओरडत जावं. कोळी, गुराखी, शेतकरी यांना तळ ठाऊक असतो, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यांत आधी पोचतात. जिथे पाण्यात उतरण्यास मनाई असा फलक आहे तिथे तो सहसा कोणीतरी गेल्यानंतर लागलेला असतो, हेही लक्षात घ्या.

मग पाण्याचा आनंद घ्यायचाच नाही का? घ्यायचा. यासाठी आमचा आवडता रस्ता पौड-मुळशी-ताम्हिणी-कोलाडचा, आणि तो पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात चमत्कारिक आहे.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी वीजनिर्मितीसाठी धरण बांधलं. १९२१ च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यात मिळालं. धरणाविरुद्ध विस्थापितांनी उभारलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली. आज आपण ताम्हिणीच्या रस्त्यावर गाडी थांबवून ज्या निळ्या पाण्याचा फोटो काढतो, ते हे पाणी. फोटो काढू नका असं आमचं म्हणणं नाही, पण गाडीतल्या मुलांना ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात.

हे पाणी पुण्याला येत नाही. मुळा नदी खरं तर आपली, पुढे भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर असा तिचा मार्ग. धरणाने तिचं पाणी उलटं, पश्चिमेला वळवलं. ते सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरतं, वीज करतं आणि कुंडलिका नदीत जातं. म्हणूनच भर मे महिन्यात, कोकणातल्या इतर नद्या आटलेल्या असताना, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं! नदीला पाणी येतं ते वीजकेंद्राच्या वेळापत्रकाने, बहुतेक वेळा सकाळी. म्हणून राफ्टिंगवाले सकाळी लवकर बोलावतात, आणि उशिरा गेलात तर दगडगोट्यांचं पात्र बघून परत यावं लागतं. उन्हाळ्यात पाण्यात उतरायचं तर आमच्या मते इथे उतरावं : अंगात लाईफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, बरोबर नदी माहीत असलेला माणूस. मात्र त्याच नदीत खालच्या अंगाला एकट्याने पोहायला जाऊ नका, सोडलेलं पाणी कधी वाढेल ते काठावर कळत नाही.

पवना हे तंबूवाल्यांचं ठिकाण. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर अशा चार किल्ल्यांच्या मध्ये पाणी, त्यामुळे संध्याकाळ खरोखर सुंदर असते. रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर चालू असतात, ते मात्र आम्हाला सहन होत नाही. असो. उन्हाळ्यात तंबू पाण्याजवळ, म्हणजे त्या उघड्या पट्टीवर लागतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. आधी वारा सुटतो, धूळ उडते, मग विजा. उघड्या पट्टीवर तंबू हीच सगळ्यांत उंच वस्तू असते. ढग काळे झाले की तंबू सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली जाऊ नका.

पवनेचं पाणी नदीत सोडतात आणि रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला देतात. ते बंद नळातून थेट धरणातून न्यायची योजना निघाली. नदीला पाणी राहणार नाही, म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. धरणाखाली जमीन गेलेल्यांचा पुनर्वसनाचा झगडाही दशकानुदशकं चालू आहे. तुमच्या तंबूला गरम भाकरी-पिठलं आणून देणारी मावशी त्याच कुटुंबांपैकी असू शकते. तिच्याशी घासाघीस करू नये, असं आपलं आमचं मत.

याच जलाशयात वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली, उन्हाळ्यात वर. भाटघरच्या पाण्यात तसंच कांबरेश्वराचं. भाटघर भोरजवळ वेळवंडी नदीवर, १९२८ चं धरण, त्याआधीच्या एका गव्हर्नरच्या नावावरून लॉइड डॅम. त्याचं पाणी नीरा कालव्यांनी बारामती, फलटणकडच्या उसाला जातं. मंदिर वर येणं म्हणजे ऊस प्यायला, असा सरळ हिशेब! या दोन्ही ठिकाणी सकाळी जा, स्थानिक माणसाला वाट विचारा, सुकलेल्या गाळावर गाडी घालू नका. वरची पापडी फुटली की चाक आत जातं आणि मग गावातला ट्रॅक्टर बोलावण्यात दुपार जाते.

शेवटचं ठिकाण उजनी. सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. भीमेवरचं हे धरण प्रचंड आहे, एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या पातळीखालचा. म्हणूनच उन्हाळ्यात उजनी 'उणे' टक्क्यांत गेल्याच्या बातम्या येतात. धरणात पाणी असतं, पण हिशेबात उणे. पाणी उतरतं तसा उथळ चिखल उघडा पडतो आणि त्यात खाणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला येतात. ते हिवाळ्यात येतात, उन्हाळ्यातही रेंगाळतात, तेव्हा मार्च-एप्रिल चांगला. उघड्या पडलेल्या तळावर शेतकरी गाळपेर करतात, ती शेती चालत जाऊन बघण्यासारखी आहे. पळसदेवचं बुडालेलं देऊळ फार कमी पाण्याच्या वर्षी पूर्ण उघडं पडतं.

इथे होडीत बसल्याशिवाय पक्षी नीट दिसत नाहीत, म्हणून एक सांगणं. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती सहलीची होडी नव्हती, इकडच्या काठावरून तिकडच्या काठावर जाणारी नेहमीची होडी होती. उजनी इतकी रुंद आहे की वाऱ्याला अडवायला मध्ये काहीच नाही. होडी सकाळची घ्या, सूर्य उगवता उगवता. लाईफ जॅकेट नसेल तर बसू नका, नावाडी कितीही ओळखीचा असो. दुपारनंतर ढग दिसले तर पैसे दिलेले असले तरी उतरा.

इथे थांबतो. दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत.

पहिला : 'लहान मुलांना पाण्यात खेळायचंच असतं, मग न्यायचं कुठे?' सात-आठ वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही धरणाचा काठ सुचवणार नाही. शहरातले तरणतलाव आहेत, तिथे जीवरक्षक असतो. धरणावर नेलंच तर पाण्यापासून वीस पावलं वर सतरंजी टाका आणि एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे बघायचं, अशी पाळी लावा. त्याने मोबाईल दुसऱ्याकडे द्यायचा. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पोहण्याचा वर्ग लावा, पुढच्या मेपर्यंत वर्ष असतं हातात.

दुसरा : 'वाघेश्वराचं मंदिर नेमकं केव्हा दिसतं?' तारीख सांगता येत नाही, ती पवनेच्या साठ्यावर आहे. साधारण मार्च-एप्रिलमध्ये उघडं पडायला लागतं, मेमध्ये पायी जाता येतं, आणि पाऊस लागून धरण भरू लागलं की जुलैच्या सुमाराला पुन्हा पाण्याखाली. यंदाचं विचाराल तर निघायच्या आदल्या दिवशी काठावरच्या एखाद्या खानावळीत फोन करा. ते खिडकीतून बघून सांगतात.